पाऊणकी आणि पायथन

मे महिन्यात आमच्या वाचनालयाची सर्वसाधारण सभा झाली. आंबा संपत आलेला, मुंबईकर गावात आलेले, त्यामुळे एरवी कोरम भरायची मारामार असलेल्या सभेला यंदा खुर्च्या कमी पडल्या. विषय होता मुंबई मंडळाने देऊ केलेले दीड लाख रुपये. मंडळातल्या तरुणांचं म्हणणं, या पैशांत एका कंपनीचा ऑनलाइन कोडिंग कोर्स तीस मुलांसाठी घ्यावा. सहा महिने शिकवणी, शेवटी प्रमाणपत्र, वर 'नोकरीसाठी मार्गदर्शन'. गावातल्या जाणत्यांचं म्हणणं, आता एआय कोड लिहितं, पुण्या-बंगळुरूचे इंजिनिअर घरी बसतायत, तेव्हा हे पैसे कोकम आणि आंबा प्रक्रियेच्या प्रशिक्षणाला लावा. एक बाजू म्हणे पोरं मागे पडतील, दुसरी म्हणे पोरं फसतील. दोन तासांनी चहा आला आणि विषय गणपतीतल्या सभेवर ढकलला गेला. घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: यातून नोकरी लागेल की नाही, यापलीकडे कोणी एक वाक्यही बोललं नव्हतं. एकाचं उत्तर 'हो', दुसऱ्याचं 'नाही'. प्रश्न मात्र दोघांचाही तोच, आणि तो चुकीचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. प्रोग्रॅमिंगची मुळाक्षरं गावातल्या मुलांनी शिकावीत, हवं तर मोठ्यांनीही शिकावीत. ती ऑनलाइन, फुकट आणि चांगली शिकता येतात. कोर्स विकत घ्यायची काडीइतकी गरज नाही. पण नोकरीचं गाजर दाखवून ती शिकवू नयेत आणि नुसत्या इंटरनेटच्या भरवशावरही सोडू नयेत. पैसे खर्च करायचेच असतील तर शिकणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसावर करावेत. हे मी कुठल्या अधिकाराने सांगते? अधिकार काही नाही. विजयदुर्गच्या खाडीला लागून आमची आंब्याची दोनशे कलमं आहेत, त्यांचा हिशेब ठेवणं हा माझा उद्योग. २०२० च्या पावसाळ्यात, बाहेर सगळं बंद असताना, मी फोनवर आणि मग भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. गेले दोन पावसाळे रविवारी सकाळी वाचनालयात मुलांबरोबर बसते. आठ मुलं होती, तीन उरली. त्या पाचांचा हिशेबही पुढे देते.

'मागे पडतील' वाल्यांची बाजू घेणं आज सोपं आहे, कारण ती सगळीकडे ऐकू येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यापासून मुलांना कोडिंगची ओळख व्हावी असं म्हटलंय. त्याच वर्षी टीव्हीवर आणि फोनवर अशा जाहिराती सुरू होत्या की सहा-सात वर्षांचं पोर अ‍ॅप बनवतं आणि गुंतवणूकदार दारात भांडतात. त्यातल्या काही पुढे मागे घ्याव्या लागल्या. पण भीती राहिली, आणि भीतीवर कोर्स खपतात. दुसरा दावा जरा सभ्य आहे: कोडिंगने मुलांची विचारशक्ती वाढते. हा दावाही जुनाच. मुलांसाठी 'लोगो' नावाची भाषा १९६७ साली तयार झाली, तेव्हापासून हे म्हटलं जातंय. न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या दशकात रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी वर्षभर लोगो शिकलेली आणि न शिकलेली मुलं तपासली. रोजच्या कामाचं नियोजन करण्यात दोघांत फरक दिसला नाही. म्हणजे संगणकासमोर बसवलं की डोकं आपोआप तल्लख होतं, हे काही खरं नाही. बुद्धिबळाबद्दल, संस्कृतबद्दल आणि वैदिक गणिताबद्दलही आपण हेच ऐकत आलो.

मग 'फसतील' वाले बरोबर? त्यांच्याकडे एक चांगला पुरावा आहे, आणि तो सभेत कोणीच काढला नाही, म्हणून मीच काढते. टायपिंग. माझ्या वडिलांच्या पिढीत दहावी झालेल्या मुलाला, नापास झालेल्यालाही, घरचे सांगत: टायपिंगला लाव. तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडजवळ हमखास एक टंकलेखन संस्था असायची. लाकडी बाकांवर ओळीने यंत्रं, भिंतीवर पंचांग, आणि बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येणारी टकटक. इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस, मराठी तीस. मिनिटाला किती शब्द त्यावर सरकारी परीक्षा, त्या प्रमाणपत्रावर कचेरीत चिकटायची आशा. हजारो मुलं त्यातून खरोखर मार्गी लागली, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण पुढे यंत्र गेलं आणि नुसत्या टायपिंगवर लागणाऱ्या नोकऱ्याही आटल्या. कोडिंगचा कोर्स आज जसा विकला जातो, म्हणजे वेग, प्रमाणपत्र, नोकरी या क्रमाने, तसा तो टंकलेखन संस्थेचाच नातू आहे, आणि त्याचंही तसंच होईल. कदाचित लवकरच. इथवर मी जाणत्यांच्या बाजूची.

पण टायपिस्ट दुसऱ्याने लिहिलेलं उतरवायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधी स्वतःला काय हवंय ते ठरवावं लागतं, आणि तेही इतक्या काटेकोरपणे की समोरचं यंत्र ठार अडाणी आहे असं धरून. यात काय शिकणं होतं ते हवेत सांगून पटणार नाही. एका रविवारची गोष्ट सांगते.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पंचांग आणि पाऊणकीचा पाढा एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या होड्या पाण्यात गेल्या. मी मुलांना म्हटलं, पहिला प्रोग्रॅम हाच करू. नववीतल्या एकाने पायथनमध्ये तीन ओळी लिहिल्या: तिथी एकपासून मोजत जा, प्रत्येकीला शून्य दशांश सात पाचने गुण, छाप. पडद्यावर आकडे सरसर उतरले. मुलगा खूश. त्याने ते वहीत घड्याळासारखे उतरवले आणि पंचमीसमोर लिहिलं, ३:७५.

रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आयुष्य काढलेले एक आजोबा वाचनालयात पेपर वाचायला येतात. आम्ही सगळेच त्यांना आजो म्हणतो. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "तीन वाजान पंच्याहत्तर मिनटा? ह्यां खंयचा घड्याळ?" पोरं हसली. पण मग आजोंनीच आकडे मोठ्याने वाचायला घेतले: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार. आणि माझ्याच लक्षात आलं, की आपल्या भाषेत घड्याळ दशांशातच बोलतं. ०.७५ म्हणजे पाऊण, आणि पाऊण वाजता म्हणजे पावणेएकला. ३.७५ म्हणजे पावणेचार. हे मुलाच्या आजीच्या तोंडात होतं, मुलाच्या तोंडातून गेलंय. आता ते यंत्राला कसं सांगायचं? पूर्णांक वेगळा काढायचा तो तास, उरलेल्याला साठने गुणायचं ती मिनिटं. प्रतिपदेला तास शून्य येतो, तिथे शून्याऐवजी बारा छापायचे. तीन ओळींच्या सात झाल्या, आणि 'जर-तर' ची अट शिकवायला मला वेगळं उदाहरण शोधावं लागलं नाही.

एवढ्यात आजोंचा दुसरा प्रश्न आला. "पुनव खंय गेली?" यादी चतुर्दशीला संपली होती. मुलाने एक ते पंधरा असं सांगितलं होतं, पण पायथनची 'रेंज' वरचा आकडा धरत नाही. १ ते १५ म्हटलं की ती १४ ला थांबते. नवशिक्यांपासून मुरलेल्यांपर्यंत सगळ्यांना चकवणारी ही चूक आहे. पण पुस्तकात ती वाचली की विसरायला होते. इथे गायब झाली होती पौर्णिमा आणि अमावस्या, म्हणजे नेमके उधाणाचे दिवस. "उधाण त्याच दिसा येता, आणि तुझ्या यंत्राक तोच दिस म्हायत नाय?" त्या मुलाच्या हातून रेंजची चूक पुन्हा होईल की नाही सांगता येत नाही, पण झाली तर त्याला ती शोधायची कुठे ते कळेल.

पंधरावी ओळ आल्यावर आठवीतली एक मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, काकी, पुनवेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण? रोज पाऊण तास पुढे जाणारी भरती एकाच दिवशी दीड तास कशी उडी मारते? खरं सांगते, मला उत्तर माहीत नव्हतं. वहीवर मांडलं. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकून घड्याळात परत तिथेच यायला हवी. बारा तासांना पंधराने भागलं तर येतात अठ्ठेचाळीस मिनिटं. ठोकताळा पंचेचाळीस धरतो. रोजची तीन-तीन मिनिटं साचून पौर्णिमेपर्यंत पाऊण तास बुडतो. मग जुन्यांनी पंचेचाळीसच का धरली? आजो म्हणाले, "पावणकी तोंडपाठ होती. अठ्ठेचाळीसची कोणाक येता?" शास्त्राचा इतिहास सांगणारं एवढं नेमकं वाक्य मी कुठल्या व्याख्यानात ऐकलेलं नाही.

आता सगळ्यात जड आक्षेपाकडे वळते: हे सगळं एआय दहा सेकंदांत करतं, मग मुलांनी दोन रविवार का घालवायचे? मी त्याच संध्याकाळी करून बघितलं. एआयने सुबक प्रोग्रॅम दिला, शून्याचे बारा केले, पौर्णिमाही विसरलं नाही. हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. शिवाय जाणते लोक पाऊणकीचाच दाखला माझ्यावर उलटवू शकतात: पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी हे पाढे कॅल्क्युलेटरने संपवले, आणि त्यावाचून कोणाचं काय अडलं? कोडिंगचंही तसंच होईल. मुद्दा बिनतोड वाटतो.

पण नीट बघा, काय संपलं आणि काय नाही. भरतीचं गणित यंत्राला घालणं ही आजची टूम नव्हे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७२ च्या सुमारास पितळी कप्प्या आणि चाकं जोडून भरती-ओहोटी वर्तवणारं यंत्र मांडलं, आणि थोड्याच वर्षांत भारतातल्या बंदरांची कोष्टकं तशाच यंत्रावर निघू लागली. आजही भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरांची कोष्टकं दरवर्षी काढतो. म्हणजे अचूक उत्तर देणारं यंत्र दीडशे वर्षं आहे. तरी आमच्या खाडीत होडी लोटणारा माणूस पाऊणकी का करत राहिला? कारण कोष्टक बंदराचं, आणि त्याची होडी बंदरात नव्हती. समुद्राची भरती खाडीत आत पोचायला वेळ लागतो. कुठल्या धक्क्यावर किती, ते तिथल्या माणसाला ठाऊक. एआयनेही मला विचारलं नाही की बाई, तुमचा धक्का मुखापासून किती आत आहे? मी न सांगता त्याला कळणार नव्हतं, आणि हे सांगावं लागतं हे मला कळलं ते सात ओळी स्वतः लिहिल्या होत्या म्हणून. ३:७५ बघून हसणारा माणूस घरात असेल तोवर यंत्राच्या चुका पकडल्या जातील. पाढे पाठ असलेली पिढी कॅल्क्युलेटर वापरताना एक शून्य जास्त पडलं तर चटकन ओळखते. माझ्या मुलाच्या पिढीतले दुकानदार यंत्रात दिसेल ते बिल हातात ठेवतात. उद्या ग्रामपंचायतीचा पाणीपट्टीचा हिशेब, पीकविम्याची पात्रता, बँकेचं कर्ज, सगळं कुठल्या ना कुठल्या प्रोग्रॅमने ठरणार आहे, आणि बऱ्याच अंशी ठरतंच आहे. 'सिस्टीममध्ये येत नाही' हे वाक्य खिडकीवर ऐकून मान खाली घालून परत यायचं, की 'अट कुठे अडते ते बघा' असं म्हणायचं? त्यासाठी प्रोग्रॅमर व्हावं लागत नाही. पण अट नावाची चीज आत असते आणि ती कोणीतरी माणसाने लिहिलेली असते, हे स्वतःच्या हाताने एकदा तरी केलेलं असावं लागतं.

दुसरा आक्षेप कोकणाच्या जुन्या जखमेचा आहे. शिकलं की पोर जातं. इथल्या घराघरांत मुंबईच्या मनीऑर्डरीवर चुली पेटल्या, १९८२ च्या गिरणी संपानंतर त्या विझल्याही, आणि शाळा म्हणजे गाव सोडायची शिडी ही समजूत पक्की झाली. कोडिंग शिकवून ती शिडी आणखी उंच करायची का? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण प्रक्रियेचं प्रशिक्षण आणि प्रोग्रॅमिंग ही एकमेकांची वैरी कशी? कोकम सरबताचा धंदा करणाऱ्याला बाटलीमागचा खर्च काढावा लागतो. आंब्याची पट्टी दलालाकडून येते: पेट्या इतक्या, भाव इतका, त्यातून गाडीभाडं, हमाली, डागी फळांची वजावट, खाली उरते ती रक्कम. हंगामात अशा साठ-सत्तर पट्ट्या जमतात, आणि बहुतेक घरांत त्या खिळ्याला टोचून ठेवलेल्या असतात. मी २०२१ च्या हंगामात त्या सगळ्या एका छोट्या प्रोग्रॅमला भरवल्या. पहिल्या प्रयत्नात भाव १२०० हा प्रोग्रॅमच्या ओळीतच लिहिलेला होता आणि पेट्या विचारल्यावर ४० टंकलं, तर उत्तर म्हणून पडदाभर ४०४०४०४० असे आकडे धावले. प्रश्नाचं उत्तर म्हणून टंकलेली प्रत्येक गोष्ट पायथन आधी मजकूर समजतो. चाळीस हा आकडा आहे हे त्याला बजावावं लागतं, नाहीतर तो इमानदारीत 'चाळीस' हा शब्द बाराशे वेळा लिहून देतो. ते निस्तरल्यावर मात्र कळलं की कुठल्या आठवड्यात, कुठल्या गाडीला डागी वजावट जास्त लागत होती. दलालावर मी आरोप करत नाही. दोष आमच्या पेटी भरण्यात निघाला, खालच्या थरात पेंढा कमी पडत होता. पण ते सात वर्षं खिळ्याला टोचलेलं होतं, आम्हाला वाचता येत नव्हतं एवढंच.

भाषेचा आक्षेप मुंबईकरांनीच काढला: मराठी शाळेतल्या पोरांना हे इंग्रजी झेपेल का? अडचण आहे, पण ती सांगतात तिथे नाही. पायथनचे राखीव शब्द सगळे मिळून पस्तीस. बँकेचं खातं उघडायच्या फॉर्मवर याहून जास्त इंग्रजी असतं. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावं देवनागरीत ठेवता येतात. आमच्या प्रोग्रॅममध्ये 'तिथी', 'तास', 'हमाली' अशीच नावं आहेत. (गंमत म्हणजे प्रश्नाचं उत्तर म्हणून देवनागरी १२ टंकलं तर पायथन ते बारा म्हणून स्वीकारतो, पण प्रोग्रॅमच्या ओळीत तेच लिहिलं तर अडून बसतो.) खरी अडचण चुकीच्या निरोपांची. लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य आलं की मूल समजतं आपण यंत्र बिघडवलं. आम्ही भिंतीवर एक कागद लावला: नेमएरर म्हणजे नाव ओळखलं नाही, बहुधा स्पेलिंग बघ, टाइपएरर म्हणजे आकडा आणि मजकूर एकत्र कालवलेस, इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची जागा चुकली. असे आठ-नऊ निरोप. नव्वद टक्के रडारड तिथेच थांबली. टक्केवारी माझ्या अंदाजाची, मोजलेली नाही. आमच्या तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं ते एका पानावर दोन स्तंभांत, एकीकडे इंग्रजी, शेजारी मराठी. परकी विद्या आधी परकी भाषा पुरती येईपर्यंत थांबवून ठेवावी असं त्यांना वाटलं नाही. मराठीतून शिकायचं साहित्यही आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले धडे फुकट मिळतात. इंग्रजी चालत असेल तर केंद्र सरकारच्या स्वयम आणि आयआयटींच्या एनपीटीईएलवरचे अभ्यासक्रम आहेत, हार्वर्ड विद्यापीठाचा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा सीएस५० आहे. काय निवडायचं यावर रात्री जागवू नयेत. कुठलंही एक धरावं आणि पहिले दीड महिने दुसऱ्याकडे ढुंकून बघू नये. मी स्वतः चार धडेमालिकांचे पहिले तीन-तीन धडे बघितले होते आणि समजत होते की मी बारा धडे शिकले.

आता तो आक्षेप, ज्याच्यापुढे माझीही मान थोडी झुकते: ऑनलाइन शिकून पूर्ण करतं कोण? हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरातल्या जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. जगातले उत्तम शिक्षक, फुकट, आणि तरी तीन टक्के. पुष्कळजण नुसतं डोकावायला नाव घालतात हे खरं धरलं, तरी हा आकडा गिळायला कठीण आहे. माझे पाच का गळाले? दोन अकरावीला कणकवलीला गेले. एकाला वडिलांचा पाय मोडल्यावर होडीवर जावं लागलं. दोघांना कंटाळा आला. कंटाळलेल्यांबद्दल माझी तक्रार नाही, सगळ्यांना पेटी वाजवता यायला हवी असं आपण म्हणत नाही.

पण मी स्वतः गळता गळता राहिले त्याचं कारण वेगळं होतं, आणि तेच मला महत्त्वाचं वाटतं. २०२० च्या जुलैत एका सहा ओळींच्या प्रोग्रॅमवर मी नऊ दिवस अडले. अक्षर न् अक्षर तपासलं. वीज जायची, यायची, फोनची रेंज मागच्या पडवीत उभं राहिलं तरच. नवव्या दिवशी पुण्याच्या भाच्याला फोटो पाठवला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: मावशी, अवतरणचिन्हं वाकडी आहेत. कुठल्याशा पीडीएफमधून उचललेल्या ओळीत छापील वळणाची चिन्हं आली होती; पायथनला सरळ उभी लागतात. नऊ दिवस विरुद्ध अर्धं मिनिट. मधला फरक माझ्या बुद्धीचा नव्हता, ना इंटरनेटच्या वेगाचा. व्हिडिओतला शिक्षक कितीही चांगला असो, त्याला माझा पडदा दिसत नाही. एआयला विचारता येतं हे खरं, आणि आज मीही विचारते. पण अगदी नवशिक्याला काय विचारावं तेच कळत नसतं, आणि एआय चूक दाखवायच्या ऐवजी अख्खा प्रोग्रॅम नव्याने लिहून हातात देतं. पोर ते चिकटवतं, चालतं, आणि पोराला काही कळलेलं नसतं. शेजारचा माणूस म्हणतो, थांब, तिसरी ओळ मोठ्याने वाच.

ही पद्धत जुनीच आहे. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे, टिळकांचे गणिताचे गुरू, कोवळ्या वयात कुलाब्याच्या वेधशाळेत प्रोफेसर आर्लिबारांच्या हाताखाली लागले. त्यांचं खगोलशास्त्र आणि गणित आकाराला आलं ते तिथे, यंत्रांच्या आणि जाणत्या माणसाच्या सान्निध्यात. पुढे १८६० साली त्यांनी ग्रहांची कोष्टकं मराठीत दिली. रापणीवरचा पोरगाही असाच शिकतो, तांडेलाच्या, म्हणजे म्होरक्याच्या, पाठीला पाठ लावून.

उलट, नुसती यंत्रं आणली तर काय होतं तेही आपण बघितलंय. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले होते. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आमच्यासारख्या शाळांतही संगणक आले. चपला बाहेर काढायच्या, यंत्रावर प्लास्टिकचं आच्छादन, खोलीची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि शिकवणाऱ्याची बदली झाली की पुढची तीन वर्षं कुलूप. किती संगणक एकदाही न वापरता भंगारात गेले याची मोजदाद कोणी केली नसेल. उद्या तीस मुलांच्या तीस लॉगिनचंही हेच होईल, फक्त धूळ दिसणार नाही.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. चार वापरलेले लॅपटॉप, कारण फोनवर ओळीच्या आधीच्या मोकळ्या जागा आणि कंस टंकताना शिकण्याची हौसच मरते. एक इन्व्हर्टर, कारण जूनमध्ये फांदी पडली की दोन दिवस वीज नाही. धडे फुकटचे, उतरवून ठेवलेले, म्हणजे रेंज नसली तरी चालतील. आणि उरलेले सगळे, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे, एका माणसाला दोन पावसाळ्यांचं मानधन. तो फार शिकलेला नको. दीड वर्षापूर्वी आपण कुठे अडत होतो ते आठवणारा हवा. माझ्याकडची आठवीतली मुलगी आता दहावीत गेलीय. आणखी दोन वर्षांनी ती हे काम माझ्यापेक्षा चांगलं करेल, तोवर कोणीतरी लागेल. वर्गाला प्रमाणपत्र नाही, परीक्षा नाही. पहिल्या पावसाळ्यात भरतीचं कोष्टक, दुसऱ्यात पट्टीचा हिशेब, तिसरं मुलांनी ठरवावं.

हे मी मंडळाच्या अध्यक्षांना फोनवर सांगितलं. माणूस चांगला आहे, ऐकून घेतलं. म्हणाले, वहिनी, लॅपटॉप देतो, इन्व्हर्टर देतो, हवं तर एसी बसवून देतो, पण मानधन म्हणजे... लोकांना दाखवायचं काय? त्यांची अडचण मला कळते. आमच्या देवळात सात पंखे आहेत आणि सातांच्याही पात्यांवर देणगीदारांची नावं आहेत, फिरायला लागले की वाचता येत नाहीत तो भाग वेगळा. माणसाच्या कपाळावर नाव रंगवता येत नाही. सेवा म्हणून करा ना, असंही ते म्हणाले. दोन वर्षं केलीच आहे. पण कलमांवर मोहोर आला की माझे रविवार संपतात, आणि सेवेवर चालणाऱ्या वर्गाला कुलूप कधी लागेल ते कोणी सांगू शकत नाही.

गणपतीत सभा आहे. ठराव लिहून ठेवलाय, मानधनाचा आकडा पहिल्याच ओळीत घातलाय. त्या दिवशी भरती किती वाजता आहे तेही काढून ठेवलंय, कारण पलीकडच्या वाडीची माणसं तरीच्या होडीतून येतात आणि पाणी उतरायला लागलं की अर्ध्या सभेतून उठतात.